एका नसलेल्या अक्षराचे 2,400 पौंड

सॉव्हरिन म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं, आमच्या घरी त्याला गिन्नीच म्हणतात. आजीच्या डब्यातली एक माझ्या वाट्याला आली, 1918 ची. नाण्यावर कोरलेल्या घोड्याच्या पायांखालच्या जमिनीत, सालाच्या जरा वर, बारीकसं ‘आय’ अक्षर. म्हणजे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली. तिथे सॉव्हरिन पडल्या त्या त्याच एका वर्षी. त्या अक्षराने मला नाद लावला. पुढे इंग्लंडला आल्यावर त्याच नादाने मी बुडालो.

‘एस’ म्हणजे सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘सी’ कॅनडातलं ओटावा. लंडनच्या नाण्यावर मात्र अक्षरच नसतं. आणि 1917 ची लंडनची सॉव्हरिन दुर्मीळ. पाडल्या होत्या दहा लाखांहून जास्त, पण युद्धाची देणी भागवायला सोनं अमेरिकेला गेलं आणि बहुतेक वितळलं. त्याच सालची पर्थ किंवा सिडनीची सोन्याच्या भावाच्या आसपास मिळते, लंडनची काही हजार पौंडांना जाते.

एका हॉटेलात भरलेल्या नाण्यांच्या बाजारात मला ती दिसली. 1917, अक्षर नाही. विकणारे गृहस्थ वयस्कर, बोलायला गोड. माझ्या गिन्नीची गोष्टही त्यांनी कौतुकाने ऐकून घेतली. (आपल्या आजीबद्दल कुणी विचारलं की आपण विरघळतो, हे त्यांना ठाऊक असावं.) किंमत सांगितली 2,400 पौंड. इतकी कमी का, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सौदा हातचा जाईल अशी भीती. तिऱ्हाईत संस्थेकडून तपासून सीलबंद केलेलं का नाही, एवढं मात्र विचारलं. म्हणाले, त्याचा खर्च तुमच्याच डोक्यावर बसेल.

मी आपला हुशार! खिशातला छोटा काटा काढला. वजन 7.98 ग्रॅम. कॅलिपरने व्यास 22.05 मिलिमीटर. सगळं बरोबर. लगेच पैसे पाठवले.

चार महिन्यांनी विम्यासाठी एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेली. त्यांनी वजन केलंच नाही. दहापट भिंग लावलं, नाणं दिव्याखाली तिरपं धरलं आणि सालाच्या वरच्या जागेवर थांबले. तिथे जमीन सपाट झाली होती, आजूबाजूची झळाळी तुटली होती, बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले. अक्षर खरवडून काढलेलं. नाणं खरं, सोनं बावीस कॅरटचंच, म्हणून माझा काटा खोटं बोलला नाही. मी जोखलं सोनं आणि पैसे मोजले अक्षर नसल्याचे. तेव्हा त्यातलं सोनं साडेतीनशे पौंडांच्या आसपासचं, आणि खरवडल्यामुळे संग्राहक त्याला साध्या नाण्याचाही भाव देईना.

पावती काढून पाहिली. ‘जॉर्ज पंचम, सोन्याची सॉव्हरिन, 1917.’ त्यात एक अक्षर खोटं नाही. लंडन हा शब्दच नाही. तो त्यांच्या तोंडून एकदाही आला नव्हता, मीच उत्साहाने दोन-तीनदा म्हणालो होतो आणि ते हसून मान हलवत होते. तुम्ही घ्याल तेव्हा पावतीवर टांकसाळीचं नाव लिहून मागा. लिहायला कां-कूं केली तर नाणं टेबलावरच ठेवा.

व्यापाऱ्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. डावीकडे बघा, म्हणाले. जमिनीत एका उभ्या रेघेचं बूड अजून शिल्लक होतं. त्यांच्या मते ‘पी’चं.