परदेशी कारखान्याची फाइल: सल्लागारांचं पॅकेज कुठवर पुरतं?

कारखाना मराठवाड्यात काढायचा असला तरी परदेशी कंपनीची फाइल हलते ती मुंबईतच. एमआयडीसीचं मुख्यालय अंधेरीला, रिझर्व्ह बँक फोर्टात. ‘नोंदणीपासून भूमिपूजनापर्यंत सगळं’ असं सांगणाऱ्या अंधेरीतल्या एका सल्लागार फर्मच्या पॅकेजचा हा आढावा.

परकीय चलनाच्या कामात ही मंडळी पक्की आहेत. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं कळवणारा फॉर्म. फॉर्म अडकतो तो बहुतेक नावावर: शेअर मूळ कंपनीच्या नावे आणि पैसे तिच्या सिंगापूरच्या उपकंपनीच्या खात्यातून. मग बँकेचा केवायसी अहवाल जुळत नाही. इथे पैसे निघण्याआधीच पाठवणाऱ्याचं नाव आणि ठरावाची प्रत ताडून घेतात. उशिराचा हिशेबही तोंडपाठ: 7,500 रुपये, अधिक रकमेच्या 0.025 टक्के दर वर्षाला. 100 कोटींवर सहा महिने चुकले की 1,32,500 रुपये गेले. मालकीची साखळी सीमेलगतच्या देशात पोचते का, हा 2020 च्या प्रेस नोट 3 चा (अशा देशांतल्या गुंतवणुकीला आधी सरकारी मंजुरी मागणाऱ्या नियमाचा) प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. फी जास्त वाटते, पण एवढ्या कामापुरती वसूल आहे.

जमिनीचं काम ठीकठाक. 95 वर्षांचा भाडेपट्टा समजावून सांगतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उभारणीचं संमतिपत्र मात्र वेळापत्रकात बांधकामानंतर दाखवलंय. ते आधी लागतं, नाहीतर पायाच बेकायदा.

खरा लंगडा भाग रोजगाराचा, आणि बेकारी असलेल्या तालुक्यात कारखान्याचं स्वागत होतं ते त्याच्याच जोरावर. सरकारी प्रोत्साहन घ्यायचं तर 80 टक्के कामगार आणि पर्यवेक्षकांत 50 टक्के स्थानिक हवेत. पॅकेजमध्ये यावर एकच ओळ: ‘एचआर सहाय्य’. अधिवास दाखले कोण गोळा करणार, जवळच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत, 30 किंवा जास्त माणसं असली की बंधनकारक असलेले 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार कुठून आणायचे, काही नाही. प्रकल्प अहवालात थेट आणि अप्रत्यक्ष रोजगार एकाच आकड्यात घातलेत. ग्रामपंचायतीत तोच आकडा वाचला जातो आणि पुढे तोच अंगाशी येतो.

फीचा दुसरा हप्ता सामंजस्य करारावर लावलाय, तो मान्य करू नका. फॉक्सकॉनने ऑगस्ट 2015 मध्ये राज्याशी 5 अब्ज डॉलरचा करार केला होता, 50,000 नोकऱ्या सांगितल्या होत्या. जानेवारी 2020 मध्ये उद्योगमंत्र्यांनी तो रद्द झाल्याचं सांगितलं. हप्ता भूखंडाच्या ताबा पावतीवर लावून घ्या, शेवटचा उत्पादन सुरू करण्याच्या संमतिपत्रावर. घासाघीस केली की बदलून देतात.

पाचपैकी तीन तारे. अडीचच दिले असते, परकीय चलनाच्या टेबलाने अर्धा वाढवला.