ग्लॉक १९ की सीझेड पी-१० सी: मधल्या बोटाचा कौल

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, चालेल आणि कमरेलाही लावता येईल असं एकच पिस्तूल घ्यायचंय, तर ग्लॉक १९ घेऊ की सीझेड या चेक कंपनीचं पी-१० सी? दोन्ही माझ्याकडे आहेत. ग्लॉक आधी घेतलं, सीझेड दीड वर्षाने. दुसरं घ्यावं लागलं म्हणजे पहिल्यात काहीतरी खुपत होतं, हे खरं. पण पहिलं विकलेलं नाही, हेही लक्षात असू द्या.

(एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्ही एच-वन बीवर असाल तर दुकानात जाण्यापूर्वी वकिलाला विचारा. तात्पुरत्या व्हिसावर पिस्तूल विकत घेणं सोडा, जवळ बाळगणंसुद्धा थोडे अपवाद वगळता इथल्या कायद्यात बसत नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत हात लावला नव्हता.)

कागदावर दोन्ही जुळी भावंडं वाटतात. दोन्ही ९ एमएम, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, चार इंचांच्या किंचित वर नळी, पॉलिमरची फ्रेम, आणि बाहेरच्या घोड्याऐवजी आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारी कांडी. ग्लॉक १९ मूळचं १९८८ सालचं. मी बोलतोय ते २०१७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीबद्दल, मुठीच्या पुढच्या बाजूच्या बोटांच्या खाचा काढून टाकलेल्या. पी-१० सीसुद्धा त्याच साली बाजारात आलं. सीझेडवाल्यांची ओळख तोवर सीझेड ७५ची, म्हणजे पोलादी आणि बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलाची. ते ग्लॉकच्या वाटेने उशिरा आले, पण येताना लोक ग्लॉकबद्दल काय कुरकुरतात याची यादी खिशात घेऊन आले असावेत, असं मला वाटतं. किमतीत फरक आहे, पण काडतुसांच्या दोन-चार खोक्यांइतका. त्यावरून ठरवू नका.

कमरेला लावण्याच्या बाबतीत ग्लॉकचं पारडं जड आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. ते थोडं हलकं आहे. सकाळी फरक कळत नाही. संध्याकाळी गाडीतून उतरताना पट्टा वर ओढावा लागतो तेव्हा कळतो. होल्स्टरचं, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानाचं, तर विचारूच नका. कुठल्याही दुकानात शिरा, ग्लॉक १९चं होल्स्टर चार प्रकारांत भिंतीवर टांगलेलं असतं. सीझेडसाठी मला ऑर्डर देऊन तीन आठवडे थांबावं लागलं. जास्तीची मॅगझिनही तशीच, ग्लॉकची कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. शर्टाखाली पिस्तूल दिसतं ते नळीमुळे नाही, मुठीमुळे, आणि मुठीची लांबी दोघांची जवळपास सारखीच. त्यामुळे जुलैच्या उकाड्यात पातळ टी-शर्टखाली दोन्ही सारखीच लपवून न्यावी लागतात. आणि खरं सांगायचं तर आपण कितीदा लावतो? मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो, तिथे पिस्तूल न्यायची मुळातच बंदी. त्या दहा दिवसांत दोन्ही घरच्या तिजोरीतच.

आता रेंज. ट्रिगर, म्हणजे चाप, किती जोरात दाबावा लागतो ते मोजायचा काटा माझ्याकडे नाही, तेव्हा बोटाला जे कळलं तेच सांगतो. ग्लॉकचा चाप आधी सैल येतो, मग थोडा रबरासारखा ताणत जातो आणि नेमका कधी सुटेल हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात राहतं. सीझेडचा चाप एका जागी येऊन थांबतो, जणू भिंतीला टेकतो, आणि तिथून जरा दाबलं की सुटतो. पंधरा यार्डांवर दहा गोळ्या सावकाश झाडल्या तर ग्लॉकने माझी भोकं चहाच्या बशीएवढ्या गोलात पडतात आणि त्यातली दोन-तीन हमखास डावीकडे खाली सरकतात. सीझेडने तोच गोल आमटीच्या वाटीएवढा होतो. माझ्याहून चांगला नेमबाज असेल तर त्याला कदाचित हा फरक दिसणारही नाही. डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्या माझ्याच बोटाच्या खोडीमुळे जातात, हे मलाही ठाऊक आहे. सीझेड ती खोड जरा जास्त पोटात घालतं, एवढंच.

पण मी दुसरं पिस्तूल घेतलं ते ट्रिगरसाठी नव्हे.

पकड जितकी वर, तितकी नळी कमी उसळते. हे रेंजवरचा कुठलाही शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणून हात वर सरकवून मधलं बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याच्या, खालच्या कडेला घट्ट भिडवायचं. ग्लॉकवर माझं बोट भिडतं ते बरोबर मधल्या पेराच्या हाडावर. प्रत्येक गोळीला पिस्तूल मागे येतं, ती कड त्या हाडावर टेकते आणि किंचित घासते. पन्नास गोळ्यांपर्यंत काही नाही. शंभरला लाली. दीडशेच्या पुढे कातडी सोलवटते. पहिल्यांदा हे झालं त्या रविवारी जेवताना वरणभातावर लिंबू पिळलं आणि रस नेमका त्या पेरावरून ओघळला. पहिला घास तोंडात जायच्या आधीच मी पानावरून उठलो होतो.

मग उपाय सुरू झाले. खेळाडू लावतात ती कापडी पट्टी गुंडाळून पाहिली. ती घामाने सुटते आणि बोट जाड झाल्यामुळे पकडच बदलते. मुठीच्या पाठीचा बदलता येणारा मोठा तुकडा बसवून पाहिला, पण तो तळव्याकडची बाजू बदलतो, गार्डखालची नाही. हात थोडा खाली धरला, तर बोट वाचलं आणि नळी उसळायला लागली. काही जण ती कड घरीच ग्राइंडरने घासून गोल करतात. माझ्या हातून तसं झालं असतं तर गार्ड राहिलं नसतं. तीन-चार महिन्यांनी पेरावर चांगला घट्टा पडला. लोक म्हणतात, घट्टा पडला की प्रश्न मिटतो. मिटतोही. पण महिनाभर रेंजवर गेलो नाही की घट्टा मऊ होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणखी वाईट म्हणजे शंभराव्या गोळीनंतर माझं लक्ष समोरच्या कागदावर कमी आणि बोटावर जास्त असायचं. डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्यांत त्याचाही वाटा असणार.

याला मी ग्लॉकचा दोष म्हणत नाही. लाखो लोक ते वर्षानुवर्षं वापरतात. माझ्या पेराची ठेवणच तशी. पण सीझेडमध्ये गार्ड जिथे मुठीला मिळतं तिथे खालून वर चढवलेला गोल खळगा आहे आणि माझं बोट त्यात जाऊन बसतं. दुकानात हातात घेतलं तेव्हा ते जाणवलंसुद्धा नाही. जाणवलं ते पहिल्या दोनशे गोळ्यांनंतर, घरी येऊन हात धुताना: साबण झोंबला नाही.

साफसफाईत दोघं सारखीच. एक खबरदारी मात्र दोघांनाही लागते: स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, उतरवण्याआधी चाप दाबावा लागतो. मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघून, बोट घालून चाचपून, मगच. घरात मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर करावं, असं माझं मत.

पुण्यातल्या मामांना मी हे सगळं रंगवून सांगितलं, तर ते हसले. तिकडे ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळतच नाही. त्यांच्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे आणि निवडायला फारसं काही नव्हतंच. "एवढे पर्याय असले की माणूस बोटाकडे बघत बसतो," म्हणाले.

ग्लॉक आता बायको वापरते. तिची बोटं बारीक आहेत, दीडशे गोळ्यांनंतरही तिच्या पेरावर खूण नसते, आणि सीझेडची मूठ तिला भरल्यासारखी वाटते. म्हणजे तुमचा हात तिच्यासारखा असेल तर हा सगळा मजकूर सोडून द्या आणि ग्लॉक घ्या. होल्स्टरचा शोधही वाचेल. माझ्यासारखा असेल तर मी कुठे झुकतो ते तुम्हाला कळलं असेलच.

दोन्ही बहुतेक रेंजवर भाड्याने मिळतात. एकाच दिवशी दोन्ही झाडू नका, पेर कुणी सोललं ते समजणार नाही. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरं, आणि दीडशेच्या खाली थांबू नका. दोन्ही रविवारी जेवायला वरणभात आणि लिंबू.