एक्यूएचं फुकट रिव्हिजन मटेरियल (ए-लेव्हल इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर): गाईड घ्यायच्या आधी हे उघडा

लेकीचं ए-लेव्हलला (इथली बारावीच्या तोडीची परीक्षा) इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर होतं, बोर्ड एक्यूए, त्यामुळे गाईडं, ॲप्स, ऑनलाईन ट्युशन सगळं बघून झालं. त्यात मनापासून सांगावं असं एकच निघालं आणि ते फुकट आहे, एक्यूएच्या साईटवरचे पास्ट पेपर, मार्क स्कीम (मार्क कशाला द्यायचे ते तपासणाऱ्यांना सांगणारी) आणि सगळ्यात महत्त्वाचे एक्झामिनर रिपोर्ट. इंग्लंडमधले आपले मराठी आईबाबा नवनीत आणि 21 अपेक्षितवर वाढलेले, परीक्षा म्हटली की आधी गाईडकडे हात जातो, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सगळ्यात आधी कोड बघा. इथे इंग्लिशचे वेगवेगळे ए-लेव्हल आहेत, नुसतं लँग्वेज वेगळं, नुसतं लिटरेचर वेगळं आणि हे दोन्ही एकत्र असलेलं वेगळं, त्याचा कोड 7707. नावं इतकी सारखी की दुसऱ्याच विषयाचं पुस्तक घरात येऊ शकतं, आणि एकत्रवाल्याला मुलं कमी बसतात म्हणून दुकानात त्याचं सामानही कमीच मिळतं. त्यामुळेच बोर्डाच्या साईटची किंमत इथे जास्त.

दोन पेपर असतात, पहिला 3 तासांचा, दुसरा अडीच तासांचा, दोन्ही 100 मार्कांचे आणि प्रत्येकी 40 टक्के, उरलेले 20 टक्के कोर्सवर्कचे. पहिल्यात पॅरिसवरच्या उताऱ्यांचा एक संग्रह असतो, त्यात आठवणी, प्रवासाची गाईडं, ऑनलाईन गप्पा, बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं असं सगळं आहे, आणि त्यातल्या दोन उताऱ्यांची तुलना करायची. उतारे पेपरातच छापलेले असतात. कादंबरी, कविता आणि नाटकाच्या प्रश्नांना तर पुस्तक सोबत न्यायची परवानगी असते, फक्त त्यात काही लिहिलेलं नको. म्हणजे पाठांतराची परीक्षा ही नाहीच, पण विकतची गाईडं पानंच्या पानं कथासार आणि लेखकाचं चरित्र देतात! आम्ही घेतलेलं एक असंच होतं, ते लेकीने आठवड्याभरात बाजूला ठेवलं.

रिपोर्टमध्ये काय मिळतं तर मुलांनी खरंच काय लिहिलं, मार्क कुठे गेले आणि कुठे मिळाले हे तपासणाऱ्यांच्या शब्दांत. ते मार्क स्कीमच्या शेजारी ठेवून वाचलं की बऱ्याच गोष्टी एकदम लक्षात येतात. उदाहरणार्थ कवितेच्या प्रश्नात फक्त एओ1 आणि एओ2 हे दोन निकष तपासतात, म्हणजे भाषेचं विश्लेषण आणि अर्थ कसा घडतो ते, तिथे कवीच्या आयुष्यावर पॅराग्राफ ओतला तर त्याचे वेगळे मार्क नाहीत. तो प्रश्न 25 मार्कांचा, 180 मिनिटांच्या हिशोबाने 45 मिनिटं, त्यातली 10 चरित्रात घालवणं परवडत नाही. दुसऱ्या पेपरात मूळ पुस्तकातला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून लिहायचा त्याला 25 मार्क, आणि आपण तसं का लिहिलं हे सांगणाऱ्या कॉमेंटरीला 30! मुलं गोष्ट रंगवण्यात रमतात आणि कॉमेंटरीला वेळच उरत नाही, हे घरी घड्याळ लावून लिहिल्याशिवाय कळत नाही.

नाटकाचंच बघा, लेकीला शेक्सपिअरचं ऑथेल्लो होतं. ऑथेल्लो विचारतो तुझ्या मनात काय आहे, आणि त्याच्या हाताखालचा इयागो उत्तर न देता त्याचाच शब्द प्रश्न करून परत त्याच्यासमोर ठेवतो. "इयागो कपटी आहे" एवढं लिहून काही होत नाही. प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर आल्यामुळे बोलण्यातली प्रश्न-उत्तराची नेहमीची जोडी तुटते, हुद्द्याने मोठा असलेला ऑथेल्लोच माहितीसाठी मागे लागतो आणि संवादाची सूत्रं खालच्या माणसाच्या हातात जातात, असं लिहिलं की मग वरच्या लेव्हलचं उत्तर होतं. हे लेकीने मार्क स्कीम आणि स्वतःचं उत्तर शेजारी ठेवून शिकलं, कोणी नोट्स दिल्या म्हणून नाही, आणि याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

आता अडचणी. रिपोर्टची भाषा शिक्षकांसाठीची, रुक्ष, पहिल्यांदा वाचताना मुलं कंटाळतात, तेव्हा सुरुवातीला सोबत बसा. मार्क स्कीममध्ये मुद्द्यांची यादी असते ती मॉडेल आन्सर नव्हे, त्याबाहेरचा पटणारा मुद्दाही चालतो, त्यामुळे ती पाठ करू देऊ नका. सगळ्यात ताजा पेपर काही काळ फक्त शिक्षकांनाच उघडतो कारण शाळा तो मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला वापरतात, तो शोधत बसू नका, जुने भरपूर आहेत. आणि लिहिलेलं तपासून द्यायला माणूस लागतोच, ते काम साईट करत नाही, शाळेतल्या टीचरना दर आठवड्याला एक उत्तर द्यायला सांगा, ट्युशनला पैसे घालायचेच असतील तर तेही फक्त उत्तरं तपासून घ्यायला घाला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. बोर्ड एडेक्सेल, ओसीआर किंवा एडुकास असेल तरी त्यांचेही रिपोर्ट त्यांच्या साईटवर असतात, फक्त विषयाचा कोड आणि सेट टेक्स्ट (नेमलेली पुस्तकं) कोणती ते शाळेत विचारून मगच डाऊनलोड करा.