राउटरचा मिनी यूपीएस: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वीज गेल्यावर वायफाय बंद पडू नये, एवढ्याच कामासाठी हा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आहे. आत चार लिथियम सेल, मागे अ‍ॅडॅप्टरची जागा, पुढे राउटरला जाणारी वायर. वीज जाते त्या क्षणी राउटर रीस्टार्ट होत नाही, चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटत नाही. हे काम तो आजही चोख करतो. राग येतो तो खोक्यावरच्या आकड्यांचा.

खोक्यावर ८००० एमएएच लिहिलंय. ही २००० च्या चार सेलची नुसती बेरीज, आणि तीही ३.७ व्होल्टवरची. म्हणजे विजेचा खरा साठा ८ अँपिअर-तास गुणिले ३.७, २९.६ वॉट-तास. व्होल्टेज १२ पर्यंत चढवताना १५ टक्के उष्णतेत गेले, तर हाती २५ उरतात. राउटर ८ वॉट खात असेल तर जेमतेम तीन तास. खोक्यावरचे सहा तास ४ वॉटच्या साध्या राउटरला मिळतील, दोन फ्रिक्वेन्सींवर चालणाऱ्या ड्युअल बँडला नाही. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी सकाळी गेलेली वीज दुपारपर्यंत आली नाही, की हा फरक कळतो. त्यात यूएसबीवर मोबाइल चार्जिंगला लावला, तर वेळ आणखी कमी. घेण्याआधी एमएएच न बघता वॉट-तास विचारा. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर असेल, तर १८ वॉट ही त्याची कमाल क्षमता झाली. राउटर प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या निम्मंच घेतो. नेमका आकडा प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर दिसतो.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या वीज परत आल्यावर राउटर बंद-चालू होण्याच्या. याचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टर. बऱ्याच मॉडेलांबरोबर अ‍ॅडॅप्टर मिळत नाही, राउटरचाच वापरायला सांगतात. तो १ अँपिअरचा असेल, तर रिकामी बॅटरी भरणं आणि राउटर चालवणं ही दोन्ही कामं त्याला झेपत नाहीत. व्होल्टेज खाली येतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. यूपीएसच्या इनपुटला चालत असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॅप्टर लावा, हा त्रास सहसा थांबतो.

पिनकडेही लक्ष द्या. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या पिनचं आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. राउटरच्या २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन बसते, पण ढिली राहते. वायरला जरा धक्का लागला की वायफाय गुल. काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ ची वायर लावली तर ते जळू शकतात. लावण्याआधी राउटरच्या तळाचं लेबल वाचाच.

यूपीएस चालू, राउटर चालू, तरी इंटरनेट नाही, असंही होतं. घरापर्यंत फायबर असेल तर फायबरची डबी, म्हणजे ओएनटी, आणि राउटर दोन्हींना वीज हवी. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या वाय वायरने जोडता येतात, मात्र वेळ त्या प्रमाणात घटतो. फायबरच्या वाटेवर प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून हे कनेक्शन सहसा टिकतं. पण केबलवाल्याने जिन्यातल्या नेटवर्क स्विचमधून, म्हणजे इंटरनेट अनेक घरांत वाटणाऱ्या डबीतून, लॅन वायर आणली असेल, तर तो स्विच इमारतीच्या विजेवर चालतो. तो बंद पडला की घरातल्या यूपीएसचा उपयोग शून्य. वीज गेल्यावर राउटरचा इंटरनेटचा दिवा विझतो का, ते पैसे घालण्याआधी पाहा. विझत असेल तर केबलवाल्याकडे त्या स्विचसाठी बॅकअप मागा.

घरात इन्व्हर्टर असेल तर हा घेऊच नका. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, मग अदलाबदल इतकी झटकन होते की राउटर सहसा रीस्टार्ट होत नाही.

उष्णता हा या सेलचा खरा शत्रू. ते सतत पूर्ण भरलेले असतात, त्यात टीव्हीमागच्या बंद कप्प्यात गरम राउटरच्या अंगावर ठेवले तर लवकर मरतात. भिंतीला, मोकळ्या हवेत लावा. दर दोन-तीन महिन्यांनी मुद्दाम प्लग काढून किती वेळ टिकतो ते लिहून ठेवा. वेळ निम्म्यावर आला, तर सेल बदलायला झाले. यूपीएस फुगलेला दिसला तर वीज लगेच काढा, आणि तो कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.