टच-अपची बाटली, रबिंग कंपाउंड आणि घरच्या घरी रंगदुरुस्ती: काय घ्यावं, काय टाळावं

गाडीच्या रंगाची बाटली विकत घेताना बहुतेकांची अपेक्षा एकच असते: टवका दिसेनासा व्हावा. या अपेक्षेने घेतलेली बाटली हमखास निराश करते. तिचं खरं काम पत्र्यापर्यंत गेलेली जखम बंद करणं, म्हणजे पाणी आत जाऊन गंज धरू नये हे. त्या कामात मात्र ती उत्तम आहे, आणि एक पॅनल रंगवायला जाणारे काही हजार रुपये ती कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं पुढे ढकलते.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, पारदर्शक द्रवाचं पेन, 'कुठल्याही रंगाचा ओरखडा घालवतं' म्हणून विकलं जाणारं. हे घेऊ नये. त्यात रंग नसतो, नुसतं क्लिअर असतं, म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक थर. पांढरट दिसणारा वरवरचा चरा त्याने ओला झाल्यासारखा गडद दिसतो, एवढंच. खोल टवक्यावर त्याचा उपयोग शून्य. दुसरा प्रकार कलर कोडनुसार मिळणाऱ्या दोन छोट्या बाटल्यांचा: एक बेस रंग, एक क्लिअर कोट. घ्यायचा तो हाच. तिसरा म्हणजे स्प्रेचा डबा. त्याबद्दल पुढे.

रंगाचं नाव पाहून बाटली मागवू नका, कोड पाहा. चेसिस क्रमांकाच्या पट्टीवर किंवा त्याच्या आसपास तो छापलेला असतो. ही पट्टी काही गाड्यांत बॉनेटखाली तर काहींत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असते. मारुतीचा सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस, सुपिरियर व्हाइट म्हणजे २६यू. 'पांढरा' एवढंच सांगितलं तर चार छटांपैकी कुठली हाती पडेल सांगता येत नाही. कोड बरोबर असूनही जुन्या गाडीवर किंचित फरक दिसणारच, कारण उन्हाने मूळ रंग उतरलेला असतो. सिल्व्हर आणि ग्रे मेटॅलिकमध्ये हा फरक जास्त जाणवतो: कारखान्यात फवारलेले धातूचे कण एका पातळीत आडवे बसतात, ब्रशने लावल्यावर ते वेडेवाकडे बसतात आणि ठिपका गडद दिसतो. सपाट पांढरा किंवा काळा रंग असेल तर निकाल खूपच चांगला येतो.

झाकणाला लावलेला ब्रश हा या बाटल्यांचा सर्वांत कमजोर भाग. दोन मिलिमीटरच्या टवक्यासाठी तो फार जाड आहे. शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश किंवा टोक थोडं बोथट केलेली टूथपिक घ्या.

आधी जागा धुवून कोरडी करायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन पुसायची, म्हणजे वॅक्स आणि सिलिकॉन निघतं. ते राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल मागे सरतो. गंजाचा लाल डाग दिसत असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून फक्त टवक्याच्या आत घासा. उघडा पत्रा दिसला की एपॉक्सी प्रायमरचा एक थेंब हवाच. बेस रंगाला थेट लोखंडावर धरून राहता येत नाही आणि गंज खालून पुन्हा सरकतो.

मग बाटली दोन मिनिटं जोरात हलवा. रंग एका दमात भरायचा मोह इथे होतो आणि काम बहुतेक वेळा इथेच बिघडतं. जाड थेंबावर वरून साय धरते, आतलं थिनर अडकतं, आणि दोन दिवसांनी तिथे खड्डा पडतो. तीन-चार पातळ हात द्या, दोन हातांमध्ये अर्धा तास थांबा. रंग मूळ पातळीच्या किंचित खालीच राहू द्या, वरची जागा क्लिअरची आहे. बेस पूर्ण वाळल्याशिवाय क्लिअर लावलं तर क्लिअरमधलं थिनर खालचा रंग उचलतं आणि कडेने ओघळ येतो. क्लिअरचे दोन-तीन थेंब, पातळीपेक्षा थोडे वर. पावसाळ्यात हे काम करूच नये. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि क्लिअर दुधाळ पडतं. कोकण आणि मुंबईच्या बाजूला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सावलीत, हाताला गरम न लागणाऱ्या पत्र्यावर.

उंचवटा सपाट करायची घाई नको, निदान एक आठवडा थांबा. कच्चा थेंब पेपरसोबत उपटून येतो. खोडरबराच्या छोट्या तुकड्याला २००० नंबरचा पेपर गुंडाळा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवा आणि फक्त उंचवट्यावरच घासा, आजूबाजूला नाही. नंतर ३००० नंबर, मग रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घासून चकाकी आणणारी पेस्ट.

कंपाउंडमध्ये मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंडला झुकतं माप द्यावंसं वाटतं, कारण ते हाताने आणि ड्युअल अॅक्शन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणाऱ्या पॉलिशिंग) मशीनने दोन्ही रीतींनी चालतं आणि ३००० नंबरच्या खुणा व्यवस्थित काढतं. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, दीड फूट चौरस जागा, उभे-आडवे चार फेरे, मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसणं. उन्हात वापरलं की वाळून पांढरं चिकटतं, मग पुसताना नवे चरे पडतात. लक्षात ठेवा, कारखान्याचं क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असतं आणि कंपाउंड दर वेळी त्यातलंच थोडं खातं. बॉनेटच्या कण्यावर, दाराच्या कडेला ते आधीच पातळ असतं. तिथे मास्किंग टेप लावून मगच मशीन चालवा. नख अडकणारा ओरखडा कंपाउंडने घालवायचा प्रयत्न करू नका. खालचा बेस उघडा पडला की पूर्ण पॅनल रंगवण्यावाचून इलाज नाही.

स्प्रेचा डबा टवक्यासाठी नको. बंपरचा कोपरा किंवा आरशाचं कव्हर यासाठी तो चांगला. प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर लागतोच, नाहीतर पहिल्या प्रेशर वॉशला रंग पापुद्र्याने निघतो. साधं १के, म्हणजे हार्डनर नसलेलं क्लिअर पेट्रोल सांडलं की मऊ पडतं. हार्डनरवालं (कडक करणारं रसायन मिसळलेलं) २के खूप टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही, निदान ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर दोन्ही असलेला मास्क लागतो, आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वांत सुरक्षित. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तर हे फवारूच नये.

आणि इतकं करून रोज सकाळी कोरड्या पिवळ्या फडक्याने धूळ पुसली जात असेल, तर गोल जाळीदार चरे दोन महिन्यांत परत येतात. गाडी पुसणाऱ्या दादांना दोन बादल्या (एक साबणाच्या पाण्याची, एक खळबळायची) आणि एक मायक्रोफायबर मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, आणून द्या. खर्च कंपाउंडच्या बाटलीपेक्षा कमी.

उरलेल्या बाटलीचं तोंड थिनरने पुसून झाकण घट्ट लावा आणि ती घरात थंड जागी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात उन्हाळाभर ठेवलेली बाटली पुढच्या टवक्याच्या वेळी घट्ट डिंक झालेली मिळते.