रहस्य, थरार की भय : एकच घ्यायचं तर कोणतं?

माझी मावसबहीण मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अक्का, दुपारी घर खायला उठतंय. खुनाबिनाचं, भुताखेताचं काहीतरी नवं वाचायचंय. यादी पाठवू नकोस, एकच नाव सांग."

फोनवर मी नाव सांगितलं नाही. रविवारी तीन पुस्तकं पिशवीत घालून तिच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी गेले आणि चहा उकळेपर्यंत ती टेबलावर मांडली. रिचर्ड ऑसमन यांचं 'द थर्सडे मर्डर क्लब', ॲलेक्स मायकेलिडीस यांचं 'द सायलेंट पेशंट' आणि सिल्विया मोरेनो-गार्सिया यांचं 'मेक्सिकन गॉथिक'. मधलं २०१९ सालचं, बाकीची दोन २०२० सालची. तिन्ही इंग्रजीत भरपूर वाचली गेलेली. एक रहस्याचं, एक थराराचं, एक भयाचं. तिच्यासारखंच कुणाला ठरवायचं असेल तर त्यांच्यासाठी तिच्याशी झालेलं बोलणं इथं मांडते.

आपल्याकडं ही तिन्ही भावंडं एकाच फळीवर बसतात. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी. वाचनालयात 'रहस्यकथा' लिहिलेल्या कपाटात सगळे शेजारी शेजारी. पण अर्नाळकरांचा झुंजार वाचणारी मी आणि धारपांचा समर्थ वाचणारी मी एकसारखी बसत नाही. एकात मी पुढं वाकून बसते, दुसऱ्यात पाय वर घेऊन. रहस्यकथेत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि आपण त्याचा माग काढत उलटं जातो. थरारकथेत ते अजून व्हायचं असतं. भयकथेत ते आत्ता याच खोलीत असतं आणि आपण तिकडं बघायचं टाळत असतो.

आम्ही सातआठजणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकावर प्रत्येकीनं पानभर लिहून आणायचं असा शिरस्ता आहे. तिथं 'मेक्सिकन गॉथिक'ला एकीनं पाचपैकी दोन गुण दिले. कारण काय, तर "वाईट माणूस कोण ते आधीच कळतं". अगं, ते कळणारच! लेखिकेनं ते लपवलेलंच नाही. रहस्याची फूटपट्टी भयकथेला लावली की चांगलं पुस्तक हातातून जातं, म्हणून बहिणीपुढं प्रत्येक पुस्तक त्याच्या त्याच्या मापानं ठेवलं.

रहस्यापासून सुरुवात केली. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वृद्धांची एक वसाहत आहे. तिथं चौघंजण दर गुरुवारी जमतात आणि न सुटलेल्या जुन्या पोलीस प्रकरणांचे कागद चाळतात. पूर्वी नर्स असलेली जॉईस, मानसोपचारतज्ज्ञ इब्राहिम, कामगार पुढारी रॉन आणि एलिझाबेथ, जी आपण नोकरीत नेमकं काय करत होतो ते सरळ कधी सांगत नाही. मग वसाहतीशी व्यवहार असलेल्या एका बिल्डरचा खून होतो आणि कागदावरचा खेळ दारात येऊन उभा राहतो.

रहस्यकथेचं माप एकच, लेखक आपल्याशी सचोटीनं वागला का. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. मी अशी पुस्तकं शेजारी वही घेऊन वाचते. कोण, कुठं होतं, काय म्हणालं, असे तीन रकाने. या पुस्तकात अर्ध्यावर माझी वही निरुपयोगी झाली. काही उत्तरं आपल्याला दिसूच शकली नसती अशा जागेतून येतात, आणि शेवटाकडं एकात एक इतके उलगडे होतात की आधीचा नीट मुरायच्या आत पुढचा येऊन बसतो. नॉक्सच्या मापानं मी याला मध्यम म्हणेन.

तरीही बहिणीसाठी मी हेच मनात धरून गेले होते. एलिझाबेथची मैत्रीण पेनी पूर्वी पोलिसांत होती. आता ती अंथरुणाला खिळलेली, शुद्ध नसलेली. एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून तपासात आज काय झालं ते तिला सविस्तर सांगते. पेनीला ऐकू जातं की नाही, कुणाला ठाऊक नाही. पण आवाज खाली न आणता, जणू पेनी मध्येच एखादी चूक दाखवेल अशा बेतानं ती बोलते. ज्या घरानं असं आजारपण काढलंय त्या घरातल्या माणसाला ही पानं खुनापेक्षा जास्त लक्षात राहतील. जॉईसच्या डायरीतली प्रकरणंही तशीच, वरून केक आणि गप्पा, आत लेकीच्या फोनची वाट. फक्त इंग्रजी विनोद आणि तिकडच्या टीव्ही-दुकानांचे उल्लेख बरेच आहेत. ते कळले नाहीत तर सोडून द्यावेत, गोष्ट अडत नाही.

रहस्यकथेवर लिहिणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. एका वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर एका नावाखाली पेन्सिलीनं रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात 'हाच'. मी पुढची अडीचशे पानं तो लिहिणारा खोटं बोलला असावा या आशेवर वाचली. तो खरं बोलला होता. कुणीतरी केलेलं ते वाचन माझं वाचन घेऊन गेलं. परीक्षणात 'ज्याच्यावर संशयच येणार नाही असा माणूस' असं लिहिणं म्हणजे समासात 'हाच' लिहिण्यासारखंच आहे. पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही सांगायचं नाही, हा नियम मी स्वतःपुरता कडक पाळते.

थरारकथा म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आपल्याला पाठ असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. रात्री अकराला साडेअडतीस वाचलेला माणूस बाराला पुन्हा फोन उघडतो, एकला पुन्हा. काय होणार ते माहीत असतं, कधी होणार ते नसतं, आणि पुढचा आकडा बघितल्याशिवाय डोळा लागत नाही. 'द सायलेंट पेशंट' आपल्याला तसंच बांधून ठेवतं. ॲलिसिया ही चित्रकार आपल्या नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्दही बोलत नाही. थिओ नावाचा मानसोपचारक तिला बोलतं करायचं मनावर घेतो. गोष्ट तोच सांगतो, अधूनमधून ॲलिसियाची डायरी येते. प्रकरणं लहान, इंग्रजी अगदी सोपं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघाले होते. वरच्या बर्थवर छोटा दिवा लावून सुरू केलं आणि गाडी कल्याणला पोचायच्या आत संपवलं. प्रवास, दवाखान्यातलं ताटकळणं, घरात पाव्हणे झोपल्यावरचे दोन तास, अशा वेळेला याच्याइतकं चोख पुस्तक या तिघांत नाही.

मांडणीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती इथं लिहिली तर पुस्तकच संपेल, म्हणून गिळते. एवढंच सांगते की संपल्यावर पहिली पन्नास पानं पुन्हा उघडा आणि लेखक सरळ वागला का ते तुम्ही ठरवा. आणि कुणाला देताना 'शेवट बघ हं' असं कृपा करून म्हणू नका. मला असंच सांगून दिलं होतं. मग मी सगळं पुस्तक पहारा देत वाचलं आणि लेखकानं जिथं मला बेसावध धरायचं होतं तिथं मी जागी होते. थरारकथेवर लिहिताना कलाटणी आहे हेसुद्धा सांगू नये, या मताला मी तेव्हापासून आलेय.

भयाचं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिघांत माझं सर्वांत आवडतं तेच आहे.

'मेक्सिकन गॉथिक' १९५० च्या सुमाराच्या मेक्सिकोत घडतं. नोएमी ही शहरातली, नटण्यामुरडण्याची हौस असलेली, हुशार मुलगी. लग्न होऊन डोंगरातल्या एका जुन्या वाड्यात गेलेल्या चुलतबहिणीचं विचित्र पत्र येतं, की नवरा विष घालतोय, भिंतींत कुणीतरी आहे. नोएमी तिला बघायला जाते. वाडा डॉइल या इंग्रज घराण्याचा, त्यांची चांदीची खाण कधीच बंद पडलेली. ही इंग्रज माणसं लेखिकेनं हवेतून आणलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार मेक्सिकोतल्या रेआल देल मोंते गावी आले, तिथं त्यांची दफनभूमी अजून आहे, आणि त्यांनी नेलेल्या सारण भरलेल्या करंजीसारख्या पदार्थाला तिथले लोक आज 'पास्ते' म्हणून आपलाच मानतात. बाहेरून येऊन जमिनीतली चांदी काढणारं घर आणि त्या खाणीत मेलेली तिथली माणसं, हा हिशेब पुस्तकाच्या भीतीखाली सतत चालू असतो. म्हणून ती भीती पोकळ वाटत नाही.

मी ते वाचलं जुलै २०२१ च्या पुरात. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. वीज नव्हती. मेणबत्तीजवळ बसून वाचत होते. पुस्तकातल्या वाड्याच्या भिंतींवर, त्यांना चिकटवलेल्या कागदाच्या नक्षीवर बुरशी आहे, आणि नोएमीला वाटतं की ती हलते. इंग्रजी शब्द 'मोल्ड'. पहिली शंभर पानं तो शब्द माझ्या डोळ्यांवरून नुसता घसरत होता. मग कधीतरी मला वास आला. आमच्याच कपाटामागच्या भिंतीचा, दर पावसाळ्यात येतो तोच. पोपडे सुटलेले, खाली तळहाताएवढा काळपट हिरवा डाग, कडेला बारीक लव. त्या क्षणी 'मोल्ड'ची ओल झाली आणि मला त्या भिंतीकडं पाठ करून बसवेना. उठून खुर्ची फिरवली. डाग दरवर्षीचाच होता, पण त्या रात्री मी मेणबत्ती वर धरून त्याची कड दोनदा बघितली, मघापेक्षा पुढं सरकली का म्हणून.

भयकथेचं माप हेच आहे. पुस्तक मिटल्यावर घरातली कोणती वस्तू पूर्वीसारखी राहिली नाही? शेवट पटला का, सगळं उलगडलं का, हे प्रश्न त्यानंतरचे. याच मापानं पुस्तकाचा दोषही सांगते. शेवटच्या एकतृतीयांश भागात लेखिका वाड्याचं कोडं फार खुलासेवार समजावते, आणि नाव मिळाल्यावर भीती थोडी उतरते. सुरुवातही संथ आहे. वर्णनं लांब, स्पॅनिश शब्द अधूनमधून. इंग्रजीची सवय सुटली असेल तर पहिलं म्हणून हे घेऊ नये. पण यावर लिहायला मोकळीक खूप. कथानक बरंचसं सांगून टाकलं तरी भीती जागेवर राहते, कारण ती माहितीत नसतेच.

भीतीला आपली भाषा लवकर सापडते, हेही बहिणीला सांगितलं. आमची आजी म्हणायची, रात्री दारातून नुसती एक हाक आली तर ओ द्यायची नाही. हाकामारी असते ती. ओ दिली की संपलं. या भीतीला ना वाडा लागतो ना खाण, आपलं नाव पुरतं. हृषीकेश गुप्ते यांचं 'हाकामारी' याच नावाचं पुस्तक आहे, आणि इंग्रजी नकोच म्हणणाऱ्यानं भयाच्या बाजूला तिथून किंवा धारपांच्या कथांपासून सुरुवात करावी. मराठीतल्या थरारासाठी मी अजून सुहास शिरवळकरांकडंच परतते, त्यांची पुस्तकं नवी नाहीत तरी.

पैशाचं म्हणाल तर थरारकथा विकत घेऊ नका. ती एकदाच जगते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात उभं आहे, असल्या पुस्तकांची आधी तिथं चौकशी करावी. रहस्यकथा आधी आणून वाचा आणि धागे कुठं पेरले होते ते बघायला दुसऱ्यांदा उघडावीशी वाटली तरच घ्या. भयकथा मात्र घरात हवी. दहा वर्षांनी ती वेगळ्या जागी घाबरवते.

एकट्या राहणाऱ्यानं भयकथा वाचू नये असं सगळे म्हणतात, बहिणीच्या मुलानंही फोनवर तेच बजावलं. मला पटत नाही. दिवसाउजेडी वाचावी, रोज चाळीसेक पानं, आणि मिटल्यावर लगेच बाहेर पडावं. रंकाळ्याला एक चक्कर मारून येईपर्यंत निम्मी भीती गोष्ट होऊन जाते. ज्याला झोपेचा त्रास आहे त्यानं टाळायची असेल तर थरारकथा टाळावी. भयकथा आपण घाबरून खाली ठेवतो, थरारकथा पहाटे तीनपर्यंत ठेवूच देत नाही.

चहा गार झाला. बहिणीनं तिन्ही पुस्तकांचं पहिलं पान उभ्याउभ्या वाचलं. मग 'थर्सडे मर्डर क्लब' उशाशी नेऊन ठेवलं आणि कपाटातून शाळेची एक कोरी वही काढून माझ्यापुढं धरली. तीन रकाने कसे आखायचे ते दाखव म्हणाली. 'सायलेंट पेशंट' तिनं जुलैत लेकाकडं पुण्याला जायच्या बॅगेत टाकलं.

'मेक्सिकन गॉथिक' तिनं थोडा वेळ हातात धरलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडं एकदा बघितलं आणि पुस्तक माझ्या पिशवीत परत घातलं.

"हे दसऱ्यानंतर आण," म्हणाली.