पीटी बोट: १:३५ की १:२४?

दुसऱ्या महायुद्धातल्या ८० फुटी एल्को पीटी बोटीचं (एल्को कंपनीने बांधलेली अमेरिकी नौदलाची वेगवान टॉर्पेडो बोट) मॉडेल रेडिओ कंट्रोलवर पळवायचं, तर पहिला निर्णय स्केलचा, म्हणजे मूळ बोटीच्या किती पट लहान करायचं याचा. १:३५ मध्ये ती सुमारे ७० सेंमी होते, १:२४ मध्ये थेट १ मीटर. फरक लांबीत कमी आणि वजनात जास्त दिसतो. मूळ बोट भरल्यावर साधारण ५६ टनांची. त्या हिशेबाने छोट्या मॉडेलला जेमतेम १.३ किलो वजन पेलवतं, मोठ्याला ४ किलो. मोटर, बॅटरी, सर्व्हो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर हे सगळं त्या वजनातच बसवायचं. म्हणून १:३५ मध्ये हलकी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी जवळपास सक्तीचीच. वजन वाढलं की वेगात बोट पाण्यावर उचललीच जात नाही, नाक वर करून पाणी ढकलत राहते.

डिटेलिंगला मात्र १:३५ सरस. रणगाड्यांच्या मॉडेलांचं हेच स्केल असल्याने मशिनगन, सैनिक, दारूगोळ्याच्या पेट्या तयार मिळतात. १:२४ मध्ये बरंचसं हातानेच करावं लागतं: पितळी नळीची बॅरल, तिच्या जाळीदार आवरणाची भोकं एकेक करून पाडायची. वेळ जातो, पण ती बंदूक जवळून बघण्यासारखी होते.

बारीक रेलिंग दोन्हींत तुटतं. डेकवर नुसतं चिकटवू नका, भोक पाडून खोचा.

वाऱ्याने लाटा उठणाऱ्या तलावात चालवणार असाल, तर माझं मत ठाम १:२४ च्या बाजूने. टेबलावर बांधून शांत पाण्यात फिरवायची असेल, तर १:३५ घ्या.